पुलाखालचा राक्षस आणि सहारचा दरवाजा

'ट्रोल' म्हटलं की हल्ली सोशल मीडियावर शिव्या घालणारा माणूस डोळ्यासमोर येतो. आजचा ट्रोल तो नव्हे. हा मूळचा युरोपच्या उत्तरेकडच्या लोककथांमधला, पुलाखाली दबा धरून बसणारा राक्षस. पूल त्याने बांधलेला नसतो आणि नदीही त्याची नसते, पण पलीकडे जायचं तर त्याच्या हातावर काहीतरी टेकवावं लागतं. मुलुंडकरांना हे जास्त समजावून सांगायला नको. पण खरं सांगायचं तर ही तुलना टोलनाक्यावर अन्याय करणारी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लहान गाड्यांना माफी मिळेपर्यंत मुलुंडच्या नाक्यावर आपण जे पैसे मोजत होतो, ते निदान मुंबईतल्या उड्डाणपुलांच्या खर्चापोटी होते. पेटंट ट्रोलने पूलही बांधलेला नसतो.

पेटंट ट्रोल म्हणजे काय? तर जी कंपनी स्वतः काही बनवत नाही, विकत नाही, जुनी पेटंटं विकत घेऊन ठेवते आणि जे खरोखर काही बनवतात त्यांना नोटिसा धाडते ती. शब्द रूढ झाला साधारण २००१ च्या सुमाराला, इंटेलमध्ये वकील असलेल्या पीटर डेटकिन यांच्यामुळे. इंटेलकडून त्याआधी अशा एका कंपनीला 'पेटंट खंडणीखोर' म्हटलं गेलं होतं आणि त्यावर अब्रुनुकसानीचा दावा झाला होता. मग जरा मऊ शब्द हवा म्हणून 'ट्रोल' आला. (खंडणीखोर म्हटलं म्हणून दावा! यातच सगळं आलं.) पुढे हेच डेटकिन हजारो पेटंटं जमवणाऱ्या 'इंटेलेक्चुअल व्हेंचर्स' या कंपनीच्या संस्थापक मंडळींत जाऊन बसले, आणि आता तिलाच लोक ट्रोल म्हणू लागले. कालाय तस्मै नमः।

आता मूळ प्रश्न. अंधेरीचं सीप्झ १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी सुरू झालं. टाटा-बरोज, मास्टेक, पटनी अशा नावांनी अंधेरीचा हा पट्टा देशाच्या सॉफ्टवेअर धंद्याच्या इतिहासात पक्का बसला. आज सीप्झपासून मालाडच्या माइंडस्पेसपर्यंत आणि घाटकोपर-मुलुंडच्या दोन खोल्यांच्या ऑफिसांपर्यंत रोज किती कोड लिहिला जातो याची गणती नाही. तरी इथल्या एखाद्या चार माणसांच्या कंपनीला 'तुमच्या अ‍ॅपमधलं अमुक बटण आमच्या पेटंटमध्ये बसतं, पैसे टाका, नाहीतर भारतातल्या कोर्टात भेटू' अशी नोटीस आल्याचं सहसा ऐकू येत नाही. का बरं? आपण फार सज्जन म्हणून? की आपली कोर्टं फार जलद म्हणून? (हसू नका.)

उत्तर शोधायचं तर आधी ट्रोलचं गणित बघावं लागेल. सगळ्यात स्वच्छ उदाहरण लॉडसिसचं.

मे २०११ मध्ये टेक्सासमधल्या 'लॉडसिस' नावाच्या कंपनीने आयफोनसाठी अ‍ॅप लिहिणाऱ्या छोट्या छोट्या मंडळींना पत्रं पाठवली. अ‍ॅपच्या आतून खरेदी किंवा अपग्रेड करायचं जे बटण असतं, ते म्हणे त्यांच्या पेटंटमध्ये येतं. पेटंटची मूळ कल्पना डॅन एबेलो नावाच्या गृहस्थांची, १९९० च्या दशकातली, म्हणजे आयफोनचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची. ही पेटंटं हातोहात फिरत, वर सांगितलेल्या इंटेलेक्चुअल व्हेंचर्सच्या मार्गे लॉडसिसकडे आली होती. मागणी काय? अमेरिकेतल्या विक्रीच्या ०.५७५ टक्के.

आता जरा हिशोब करू. एखाद्याचं अ‍ॅप अमेरिकेत वर्षाला दहा हजार डॉलरचं विकलं जातंय. त्याचे ०.५७५ टक्के म्हणजे साडेसत्तावन्न डॉलर. तेव्हाच्या भावाने साधारण अडीच हजार रुपये. आणि पेटंटचा खटला अमेरिकेत शेवटपर्यंत लढायचा तर खर्च लाखो डॉलरचा. साडेसत्तावन्न डॉलर वाचवायला कोण लाखो डॉलर घालेल? तुम्ही शंभर टक्के बरोबर असलात तरी पैसे देणं हाच शहाणपणा ठरतो. इथेच सगळी मेख आहे. ट्रोलला खटला जिंकायचा नसतोच. तुम्हाला तो परवडू नये, एवढंच त्याला हवं असतं.

ज्यांनी दाद दिली नाही त्यांच्यावर ३१ मे २०११ ला दावे झाले. त्यांत एकाच माणसाची दुकानं होती, आणि व्हिएतनाममधल्या हनोईचा एक गेम स्टुडिओही होता. म्हणजे अमेरिकेबाहेर असल्याचा काही उपयोग झाला नाही, हे इथेच नोंदवून ठेवा, पुढे लागेल. अ‍ॅपलने मध्ये पडून सांगितलं की या पेटंटांचं लायसन्स आमच्याकडे आहे आणि त्यात आमचे डेव्हलपरही आले. कोर्टाने अ‍ॅपलला खटल्यात येऊ दिलं. पण लॉडसिसने एकेका डेव्हलपरशी तडजोड उरकून घेतली आणि २०१३ मध्ये कोर्ट म्हणालं, आता वादच उरला नाही, सबब अ‍ॅपलचा मुद्दा निकाली. म्हणजे लायसन्स डेव्हलपरना लागू होतं की नव्हतं, या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालंच नाही! त्याच वर्षी कॅस्परस्की या कंपनीने मात्र पैसे द्यायला साफ नकार दिला, तर सुनावणी उभी राहायच्या तोंडावर लॉडसिसने दावाच मागे घेतला. एक पैसा न घेता.

मोठ्यांनाही हे गणित चुकत नाही. मार्च २००६ मध्ये ब्लॅकबेरीवाल्या रिसर्च इन मोशनने एनटीपी या कंपनीला ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजले, तेव्हा अमेरिकेचं पेटंट ऑफिस तीच पेटंटं फेरतपासणीत नाकारत चाललं होतं. पण फोन बंद पाडण्याचा आदेश येण्याची टांगती तलवार आधी होती आणि फेरतपासणीचा अंतिम निकाल नंतर येणार होता. थांबायची किंमत परवडणारी नव्हती.

तर नियम एवढाच: जिथे लढणं महाग, तिथे ट्रोल. आता हा नियम हातात घेऊन भारतात येऊ.

आपला पेटंट कायदा १९७० चा. त्यामागे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल होता. पेटंट ही सरकारने दिलेली मक्तेदारी आहे, ती देताना देशाला काय मिळतं ते बघा, असा त्याचा एकूण सूर. या कायद्याच्या कलम ३ मध्ये 'काय म्हणजे शोध नव्हे' याची यादी आहे. २००२ च्या दुरुस्तीने त्या यादीत ३-के हे उपकलम आलं आणि मे २००३ मध्ये लागू झालं. त्याचा मतितार्थ: गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि 'पर से' म्हणजे निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम, यांना पेटंट नाही.

डिसेंबर २००४ च्या शेवटी हे जवळजवळ बदललं होतं. १ जानेवारी २००५ पर्यंत जागतिक व्यापार संघटनेच्या अटी पुऱ्या करायच्या म्हणून सरकारने घाईघाईने वटहुकूम काढला. सगळ्यांचं लक्ष औषधांकडे होतं, आणि ते बरोबरच होतं. पण त्याच वटहुकमात ३-के मध्ये हळूच एक शेपूट जोडलं होतं: प्रोग्रॅमचा उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरबरोबरची जोडणी असेल तर पेटंट चालेल. आता मला सांगा, हार्डवेअरशिवाय चालणारा प्रोग्रॅम कोणी पाहिलाय? शेपटाच्या त्या वाटेने सगळा हत्ती आत आला असता.

तेव्हाचं सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभं होतं. त्यांनी विरोध केला, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनीही आवाज उठवला. मार्च २००५ मध्ये संसदेत कायदा झाला तेव्हा ते शेपूट गळलेलं होतं आणि ३-के पूर्वीसारखंच राहिलं. त्याच वर्षी ६ जुलैला युरोपच्या संसदेने सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. एका वर्षात दोन ठिकाणी दार बंद झालं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला 'नुसती अमूर्त कल्पना कॉम्प्युटरवर चढवली म्हणून पेटंट होत नाही' असं अ‍ॅलिस खटल्यात सांगायला जून २०१४ उजाडावं लागलं.

त्याशिवाय आपल्याकडे ट्रोलच्या गणिताला मारक अशा आणखी काही गोष्टी आहेत. पेटंटचा दावा इथे ज्यूरीपुढे चालत नाही, त्यामुळे डोळे फिरवणारी नुकसानभरपाई सहसा मिळत नाही. आणि कोर्टांचा वेग! खटला लांबला तर अमेरिकेत ट्रोलचा फायदा होतो, कारण तिथे लांबण्याचा खर्च फिर्यादीपेक्षा आरोप झालेल्याला जास्त बोचतो. इथे तारखांवर तारखा पडतात तेव्हा फिर्यादीही तेवढाच थकतो. मग भारतात ट्रोल यायचा कुठून?

मंडळी, तो आला. पण सॉफ्टवेअरच्या दाराने नाही, कस्टम्सच्या दाराने.

८ मे २००७ ला सरकारने आयात मालातल्या बौद्धिक संपदेच्या संरक्षणाचे नियम काढले. नकली ब्रँडच्या घड्याळांचं किंवा पायरेटेड सीडींचं खोकं विमानतळावरच अडवता यावं हा हेतू. जागतिक कराराने बंधनकारक केलं होतं ते ट्रेडमार्क आणि कॉपीराइटपुरतंच. आपण मात्र उदार होऊन यादीत पेटंटही टाकलं. हक्कदाराने कस्टम्सकडे नोटीस नोंदवायची आणि बाँड भरायचा, की पुढचा माल अडवता येणार.

आता ज्यांनी अंधेरी पूर्वेला सहारचं एअर कार्गो कॉम्प्लेक्स पाहिलंय त्यांनी कल्पना करावी. खोटा ट्रेडमार्क ओळखणं फार अवघड नसतं, अस्सल आणि नक्कल शेजारी ठेवली की झालं. पण पेटंटचं उल्लंघन? त्यासाठी पेटंटचे दावे वाचावे लागतात, फोन उघडून आतलं सर्किट समजून घ्यावं लागतं, आणि मुळात ते पेटंट टिकणारं आहे का हे ठरवावं लागतं. हायकोर्टात ज्याला वर्षं लागतात, ते कार्गोच्या काउंटरवरच्या अधिकाऱ्याने ठरवायचं. खुद्द कस्टम्सच्या बोर्डालाही हे कळत होतं. ऑक्टोबर २००७ च्या परिपत्रकात त्यांनी अधिकाऱ्यांना बजावलं की पेटंटच्या बाबतीत अत्यंत सावध राहा, कोर्टाने आधीच उल्लंघन ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी. पण नियम तो नियम. परिपत्रक फाइलीत राहिलं आणि नोटिसा येऊ लागल्या.

पहिलं मोठं प्रकरण दोन सिमच्या फोनचं. मदुराईच्या एस. रामकुमार यांना २००८ मध्ये एकापेक्षा जास्त सिम चालवणाऱ्या फोनचं पेटंट मिळालं, क्रमांक २१४३८८. तेव्हा भारतात दोन सिमच्या फोनची लाट येत होती. एका सिमवर स्वस्त कॉल, दुसऱ्यावर जुना नंबर, हा आपला खास देशी जुगाड. त्यांनी कस्टम्सकडे हक्क नोंदवला आणि आयात होणारे हँडसेट अडकू लागले. सॅमसंग, स्पाइससारख्या कंपन्यांना पेटंट रद्द करून घ्यायला अपील मंडळाकडे धाव घ्यावी लागली. जून २०१२ मध्ये मंडळाने पेटंट रद्द केलं. (ते मंडळही २०२१ मध्ये बरखास्त झालं, त्याची कामं आता हायकोर्टांकडे आहेत.)

दुसरं प्रकरण आपल्या मुंबईचं. भारत भोगीलाल पटेल यांच्याकडे लेझरने धातूवर नक्षी आणि खुणा कोरण्यासंबंधी दोन पेटंटं होती, १८८७८७ आणि १८९०२७. त्यांनीही कस्टम्सकडे नोटीस दिली आणि एलजीच्या मोबाइल फोनच्या आयातीवर गदा आली. फोनवर काही ना काही कोरलेलं असतंच! एलजी दिल्ली हायकोर्टात गेली. १३ जुलै २०१२ ला न्यायमूर्ती मनमोहन सिंग यांनी निकाल दिला: पेटंटचं उल्लंघन झालं की नाही हे ठरवणं कस्टम्सचं काम नव्हे. हक्कदाराने कोर्टात यावं, आदेश मिळवावा, मग माल अडवावा. नुसत्या नोटिशीवर आयात रोखता येणार नाही.

या दोघांनी कायदा मोडला असं मी म्हणत नाहीये. उलट कायद्याने जे दार उघडं ठेवलं होतं त्यातूनच ते आले. मला महत्त्वाचं वाटतं ते गणित. फोनचं मॉडेल सहा-आठ महिन्यांत शिळं होतं. खोकी गोदामात पडली की रोजचं भाडं चढतं, दिवाळीचा सीझन हातचा जातो आणि डीलर दुसऱ्याकडे वळतो. अमेरिकेत वकिलाचं बिल जे काम करतं, तेच इथे गोदामातला एकेक दिवस करतो. पेटंट शेवटी टिको न टिको, आयातदाराला तोपर्यंत थांबणं परवडत नाही. तोच राक्षस, फक्त पूल निराळा.

हे दार पूर्ण बंद व्हायला मात्र आणखी सहा वर्षं गेली. २२ जून २०१८ ला नियमांतून पेटंट हा शब्दच काढून टाकला. २००७ ते २०१८, अकरा वर्षं. एक शब्द घालायला एक अधिसूचना पुरली आणि काढायला दुसरी. मधल्या काळात किती जणांनी गुपचूप पैसे देऊन माल सोडवून घेतला असेल ते कुठल्याच निकालपत्रात सापडणार नाही. तडजोडीची बातमी होत नसते.

मग आता आपण निर्धास्त झोपायचं का? तर नाही.

एक म्हणजे ३-के मधलं ते 'पर से'. निव्वळ प्रोग्रॅम कुठे संपतो आणि तांत्रिक शोध कुठे सुरू होतो यावर पेटंट ऑफिसची भूमिका सतत हेलकावे खात आली आहे. त्याचं मुंबईतलं ऑफिस अँटॉप हिलला आहे, आपल्यापासून फार लांब नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये सैल मार्गदर्शक सूचना निघाल्या, ओरड झाली म्हणून डिसेंबरात स्थगित झाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'हार्डवेअरही नवं हवं' अशी कडक कसोटी आली आणि जून २०१७ मध्ये ती गेलीसुद्धा. डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी खटल्यात दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की प्रोग्रॅम आहे म्हणून सरसकट नाकारू नका, तांत्रिक परिणाम बघा. दार बंद आहे, पण कडी ढिली होतेय.

दुसरी गोष्ट जास्त जवळची. तुम्ही बसता बोरिवलीत, पण तुमचं अ‍ॅप विकलं जातं ओहायोत. तिथल्या विक्रीला तिथला कायदा लागू. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पेटंट खटल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त एकट्या पूर्व टेक्सासच्या कोर्टात दाखल झाले होते, कारण फिर्यादींना ते कोर्ट मानवत होतं. त्यातल्या मार्शल नावाच्या छोट्याशा गावात कोर्टासमोर सॅमसंगने लोकांसाठी बर्फावरच्या स्केटिंगची सोय करून दिली होती. गावकऱ्यांतूनच ज्यूरी निवडले जातात, बाकी तुम्ही समजून घ्या. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनी जिथे नोंदलेली आहे किंवा जिथे तिचा धंदा प्रत्यक्ष बसलेला आहे तिथेच दावा करा. पण हे संरक्षण अमेरिकी कंपन्यांना. परदेशी कंपनीवर तिथल्या कुठल्याही जिल्ह्यात दावा करता येतो, हा जुना नियम तसाच आहे. हनोईच्या गेम स्टुडिओची आठवण ठेवा म्हटलं होतं, ती यासाठी.

तिसरी गोष्ट करारातली. परदेशी ग्राहकासाठी काम करताना आपण ज्या करारावर सही करतो त्यात बहुतेक वेळा एक कलम असतं: या कोडमुळे तिसऱ्या कोणाच्या हक्कांचा भंग झाला तर भरपाई आम्ही देऊ. ग्राहकाला नोटीस आली की ती या कलमावरून घरंगळत अंधेरीपर्यंत येऊ शकते. भरपाईला वरची मर्यादा आहे का, ग्राहकाने दिलेल्या डिझाइनमुळे झालेला भंग त्यातून वगळलाय का, हे सही करण्याआधी बघावं. हे वाचायला अर्धा तास पुरतो.

आणि नोटीस आलीच तर? इथली असेल तर १९७० च्या कायद्यातलं कलम १०६ वाचा. बिनबुडाच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध आपणच कोर्टात जाऊन मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकतो. पेटंट मंजूर होण्याआधी त्याला कोणीही हरकत घेऊ शकतो, त्यासाठी तुमचा त्यात धंदा असायला हवा असंही नाही. परदेशची असेल तर एकटं लढू नका. २०१९ मध्ये रॉथ्सचाइल्ड पेटंट इमेजिंग या कंपनीने नोम फाउंडेशनवर, म्हणजे लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या ना-नफा संस्थेवर, शॉटवेल या फोटो लावायच्या फुकट प्रोग्रॅमवरून दावा ठोकला. पाच आकडी डॉलरमध्ये मिटवायची तयारीही दाखवली. नोमने पैसे न देता वर्गणी काढली. चार हजारांहून जास्त लोकांनी हातभार लावला, वकिलांनी फुकट काम केलं. मे २०२० मध्ये रॉथ्सचाइल्डला काही न मिळता प्रकरण मिटलं, वर त्यांना मुक्त सॉफ्टवेअरवर दावे न करण्याचं वचन द्यावं लागलं. लढण्याचा खर्च चार हजार जणांत वाटला गेला आणि ट्रोलचं गणित कोलमडलं.

म्हणून पेटंट कायद्यात बदलाचा मसुदा निघाला, हरकती मागवल्या, अशी चार ओळींची बातमी दिसली की ती ओलांडून पुढे जाऊ नका. २००४ मधलं ते शेपूट आणि २००७ मधला तो एक शब्द, दोन्ही असेच आले होते. पहिलं वेळीच कोणीतरी वाचलं म्हणून तीन महिन्यांत गेलं. दुसऱ्याला अकरा वर्षं लागली.

असो. शनिवारचं एवढं पुरे. करार मात्र सोमवारी ऑफिसात गेल्यावर जरूर काढून बघा.